वार्धक्यातील बाधिर्य : आदिबल की स्वभावबल?

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे सात वर्ग केले आहेत. मातापित्यांच्या बीजदोषातून येणारे ते आदिबलप्रवृत्त आणि क्षुधा, तृष्णा, जरा यांप्रमाणे देहस्वभावाने येणारे ते स्वभावबलप्रवृत्त. वार्धक्यातील बाधिर्य यांपैकी कोणत्या वर्गात ठेवावे? देगलूर परिसरातील रुग्ण या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देऊन मोकळा होतो. कोणी म्हणतो, ‘वय झालं, आता व्हायचंच.’ कोणी म्हणतो, ‘आमच्या घरात सगळ्यांनाच कमी ऐकू येतं.’ दोन्ही उत्तरांत अर्धे सत्य आहे. आणि दोन्हींमुळे तपासणी मात्र टळते.

या व्याधीचे लक्षण वैद्यवर्गास परिचित आहे. आवाज येतो, शब्द कळत नाही. अंतःकर्णातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. त्या नष्ट झाल्यास मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. प्रथम उच्च स्वरांच्या पेशी जातात, म्हणून स, श, फ यांसारखी व्यंजने आधी हरवतात. दोन्ही कानांत, हळूहळू, समप्रमाणात.

आता आनुवंशिकतेविषयी. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील कुटुंबांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार रोमपेशींच्या ऱ्हासाशी निगडित प्रकारात व्यक्ती-व्यक्तींमधील फरकाचा ३५ ते ५५ टक्के भाग आनुवंशिक असावा. ब्रिटनमधील अडीच लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून २०१९ मध्ये श्रवणदोषाशी संबंधित ४४ जनुकस्थाने दाखविण्यात आली. म्हणजे बाधिर्याचे एकच एक जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा भार पडतो. उरलेला वाटा जिनिंग व डाळमिलमधील गोंगाट, मळणीयंत्र, धूम्रपान, मधुमेह आणि औषधे यांचा. ‘घराण्यातच आहे’ असे म्हणणाऱ्या रुग्णाच्या घराण्यात पिढीजात गिरणीही असू शकते, हे विसरू नये.

या सर्वांत चिकित्सकाच्या प्रत्यक्ष उपयोगाची अशी एक गोष्ट आहे की, तिच्यावर आम्ही थोडे अधिक लिहू इच्छितो. पेशीतील तंतुकणिकांचे जनुकद्रव्य केवळ मातेकडून येते. त्यातील १५५५ या स्थानी एक सूक्ष्म बदल झालेला असल्यास तेथील रायबोझोमची रचना जंतूंच्या रायबोझोमसारखी होते. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन, अमिकासीन ही औषधे जंतूंच्या याच रचनेवर आघात करतात. अशा व्यक्तीत तोच आघात तिच्या स्वतःच्या रोमपेशींवर होतो. नेहमीच्या मात्रेतही कायमचे बाधिर्य येऊ शकते. हा संबंध १९९३ मध्ये सिद्ध झाला. ज्यांना हे औषध कधीच मिळाले नाही, अशा वाहकांतही वयानुसार श्रवण मंदावू शकते.

आपल्याकडे क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसीनची सुई दीर्घकाळ वापरली गेली. आज सत्तरीत असलेल्या अनेकांनी ती घेतलेली आहे. म्हणून केसपेपरवर ‘वय ७२, बाधिर्य’ एवढेच न लिहिता दोन प्रश्न अवश्य विचारावेत : पूर्वी क्षयावर सुया घेतल्या होत्या काय? आई, आजी, मावशी, मामा यांपैकी कोणाला सुईनंतर ऐकू येईनासे झाले काय? उत्तर होकारार्थी आल्यास हा इतिहास रुग्णाच्या भावंडांना आणि रुग्ण स्त्री असल्यास तिच्या मुलाबाळांनाही लेखी द्यावा. पुढे त्यांना अशी सुई देण्याची वेळ आली, तर तो कागद कान वाचवू शकतो.

सीमाभागात मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची चाल आहे. त्यातून वाढणारे जन्मजात बाधिर्य हा वेगळा विषय होय. त्याची गल्लत वार्धक्यातील बाधिर्याशी करू नये.

चरकाचार्यांच्या बीज, बीजभाग व बीजभागावयव या संज्ञा म्हणजेच आजची गुणसूत्रे व जनुके, असे आपल्या सभांतून हिरिरीने सांगितले जाते. आम्हास ते घाईचे वाटते. मातापित्यांच्या बीजातील दोष अपत्यात उतरतो, हे सूत्र पुरेसे मोठे आहे. त्यावर सूक्ष्मदर्शक लादण्याचे कारण नाही. स्वभावबल व्याधींचे कालकृत व अकालकृत असे दोन भेद आणि त्यांतील भेदक रक्षण होय, हा विचार आम्हास अधिक मोलाचा वाटतो. जनुकांनी दिलेला कल तोच राहिला, तरी जपलेला कान उशिरा थकतो.

चिकित्सेत प्रामाणिकपणा हवा. वृद्धांचे व चिरकालीन बाधिर्य ग्रंथकारांनीही असाध्य मानले आहे. रोमपेशी गेल्यावर बिल्वादि तैल श्रवण परत आणत नाही. औषधविक्रेत्यांनी ‘बहिरेपणावर हमखास’ म्हणून बाटली देणे शास्त्रास धरून नाही. कान न तपासता तेल घालू नये. पडद्यास छिद्र असल्यास अपाय होतो. मळ साचला असल्यास तो काढताच कित्येकांना स्पष्ट ऐकू येऊ लागते. एकाच कानाचे किंवा अकस्मात आलेले बाधिर्य त्याच दिवशी कर्णतज्ज्ञाकडे पाठवावे. इतरांचे श्रवणमापन करून घ्यावे.

उशीर करण्यात हानी आहे. लॅन्सेट आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे दिली, त्यांत श्रवणहानी आहे. श्रवणयंत्र परवडत नाही, असे म्हणणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू झाली व तीत श्रवणयंत्राचा समावेश करण्यात आला. जिल्ह्यातील शिबिरांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी, आणि यंत्राचे बॅटरीसेल आपल्या औषधी दुकानात ठेवावेत. सेल संपला की यंत्र कोनाड्यात जाते.