लाल खिडकीचा डबा

समजा, माळ्यावरच्या ट्रंकेत तुम्हाला एक काळा चौकोनी डबा सापडला. वर चामड्याची मूठ, पुढे एक भोक, बाजूला एक चावी. आजी म्हणाली, "अगंबाई, हा तर तुझ्या पणजोबांचा कॅमेरा!" तर दोस्तांनो, एक गोष्ट मुळीच करायची नाही. तो उघडायचा नाही!

आत जुना रोल असू शकतो. उजेड लागला की त्यावरचे फोटो गेलेच म्हणून समजा. चावी अगदी किंचित फिरवून बघा. जड लागली, तर आत रोल आहे. मग अख्खा कॅमेराच रोल धुणाऱ्या फोटोग्राफरकडे न्यायचा.

चावी सैल फिरली, तर आता ओळख पटवू. मूठ उजेडात तिरकी धरा. चामड्यावर दाबून उमटवलेली अक्षरं दिसतील. 'नंबर २ ब्राउनी' असं असेल, तर उडीच मारा! ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०० साली पहिला ब्राउनी काढला, तो खास मुलांना परवडावा म्हणून. किंमत फक्त १ डॉलर. डबा चक्क पुठ्ठ्याचा! पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, हा नंबर २ आला. त्याच्यासाठी १२० नावाचा नवा रोल निघाला आणि तो रोल आजही बनतो, विकत मिळतो! एवढ्या वर्षांत किती यंत्रं आली आणि भंगारात गेली, पण या डब्याला लागणारा रोल अजून दुकानात आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता मागे बघा. तिथे इवलीशी लाल खिडकी आहे. फिल्मला उजेड चालत नाही, मग मागे खिडकी कशाला? रोलच्या पाठीला कागद असतो, त्यावर आकडे छापलेले असतात. चावी फिरवत जायचं. खिडकीत '१' आला की थांबायचं, फोटो काढायचा, मग '२' येईपर्यंत पुन्हा फिरवायचं. असे ८ फोटो निघतात. पण काच लालच का? कारण त्या काळच्या फिल्मला लाल रंग 'दिसतच' नसे! निळ्या उजेडाने ती लगेच काळवंडायची, लाल उजेडाचा मात्र तिच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नसे. म्हणून लाल काचेतून उजेड आत गेला तरी फोटो सुरक्षित राहायचे. आजच्या बहुतेक फिल्मना लाल रंगही दिसतो. तेव्हा खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा आणि फक्त आकडा बघण्यापुरती, तीही सावलीत, उचला.

दुरुस्तीला दादा-ताई किंवा बाबा सोबत हवेत. आधी चावी बाहेर ओढायची, मगच मागची बाजू उघडून आतला सांगाडा काढायचा. चावी तशीच ठेवून जोर लावलात, तर पुठ्ठा फाटेल. आत भिंग दिसेल, एकच आणि साधं. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत भिंगावर बुरशीची जाळी धरते. ती फार दिवस राहिली, तर काचेवर कायमचे डाग पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ सुती कापड किंचित ओलं करून हलक्या हाताने पुसा. शटर म्हणजे स्प्रिंगवर फिरणारी पत्र्याची चकती. ती अडकत असली तरी तेल घालू नका! तेलाला धूळ चिकटते आणि चकती आणखीच अडते.

मग अंधाऱ्या खोलीत जा. डब्यात पेटती विजेरी ठेवून तो बंद करा आणि सगळीकडून बघा. कोपऱ्यातून उजेडाची रेघ दिसली, तर तिथे भोक आहे. काळ्या चिकटपट्टीने ते बुजवा.

आता रोल भरा आणि उन्हात चला. डबा पोटाशी घट्ट धरायचा आणि वरच्या छोट्या काचेत वाकून बघायचं. चित्र उलटं दिसेल, म्हणजे डावं उजवीकडे. माणसं आठ-दहा फुटांवर उभी करा, त्याहून जवळचं धूसर येतं. श्वास रोखा, खटका सरकवा. टक्! पुढच्या फोटोला तोच खटका उलट्या दिशेने सरकवायचा.

चावी फिरवायला विसरलात, तर हा कॅमेरा तुम्हाला अडवत नाही. त्याच तुकड्यावर दुसरा फोटो बसतो. मग मुद्दामच विसरा! कॅमेरा स्टुलावर पक्का ठेवा. मागे गर्द सावली असू द्या. भावाला आधी डावीकडे उन्हात उभं करून खटका सरकवा. मग चावीला हात न लावता त्याला उजवीकडे उभं करा आणि पुन्हा सरकवा. रोल धुऊन आला की एकाच फोटोत दोन भाऊ!