गेम लिनक्सवर आला, पण सांभाळणार कोण?

जानेवारी २०२०मध्ये ‘रॉकेट लीग’ खेळणाऱ्या लिनक्सवाल्यांना एक वाईट बातमी मिळाली. मोटारींनी फुटबॉल खेळण्याचा हा लोकप्रिय गेम बनवणाऱ्या सायऑनिक्स कंपनीने जाहीर केलं, की मार्चमधल्या अपडेटनंतर लिनक्स आणि मॅकवरच्या आवृत्त्यांना ऑनलाइन खेळता येणार नाही. घरच्या घरी एकाच स्क्रीनवर खेळायला हरकत नव्हती, पण लोक ज्यासाठी हा गेम घेतात ते इंटरनेटवरचे सामनेच बंद होणार होते. कंपनीने पैसे परत करायची तयारी दाखवली आणि सोबत एक वाटही सुचवली: गेमची विंडोज आवृत्ती वाइन किंवा प्रोटॉन या प्रोग्रॅमांच्या मदतीने लिनक्सवर चालवून पाहा, मात्र तिची अधिकृत जबाबदारी आमच्यावर नाही.

म्हणजे खास लिनक्ससाठी बनवलेली आवृत्ती बंद पडली आणि विंडोजसाठी बनवलेली लिनक्सवर खेळता आली. हे असं का होतं, हे कळायला थोडं आत डोकवावं लागतं.

कुठलाही गेम एकट्याच्या बळावर चालत नाही. ही फाइल उघड, हा आवाज वाजव, पडद्यावर इथे अमुक रंगाचे त्रिकोण काढ, अशा मागण्या तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे सतत करत असतो. विंडोजवर या मागण्या करण्याची पद्धत ठरलेली आहे आणि चित्रांसाठी बहुतेक गेम मायक्रोसॉफ्टचं डायरेक्ट-थ्रीडी वापरतात. लिनक्सवर डायरेक्ट-थ्रीडी नाही. तिथे आधी ओपनजीएल होतं आणि २०१६पासून व्हल्कन आलं. त्यामुळे विंडोजचा गेम लिनक्सवर न्यायचा, तर दोनच मार्ग उरतात. पहिला नेटिव्ह पोर्टचा: गेमचा सोर्स कोड हातात घ्यायचा, विंडोजशी बांधलेला प्रत्येक भाग बदलायचा आणि लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती तयार करायची. दुसरा कॉम्पॅटिबिलिटी लेयरचा: गेमला हातही लावायचा नाही, गेम आणि लिनक्स यांच्यामध्ये एक दुभाषा बसवायचा.

पोर्टचा मार्ग जुना आहे. ‘डूम’ हा गेम १९९४ सालीच आयडी सॉफ्टवेअरच्या डेव्ह टेलर यांनी लिनक्सवर नेला होता. पुढे १९९८मध्ये कॅलिफोर्नियात लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. दुसऱ्यांचे गाजलेले गेम लिनक्सवर आणून विकणं हाच तिचा धंदा. १९९९मध्ये ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ने तिने सुरुवात केली, पण गिऱ्हाईकच थोडं होतं आणि जानेवारी २००२मध्ये कंपनीला टाळं लागलं. तिच्या प्रोग्रॅमरांचं काम मात्र वाया गेलं नाही. लोकीचे मुख्य प्रोग्रॅमर सॅम लँटिंगा यांनी लिहिलेली एसडीएल ही लायब्ररी आज असंख्य गेमांच्या पोटात आहे. खिडकी उघडणं, कीबोर्ड आणि जॉयस्टिक वाचणं, आवाज पाठवणं ही कामं ती प्रत्येक सिस्टिमवर एकसारखी करून देते.

पोर्टला दुसरं बळ मिळालं ते व्हॉल्व्हकडून. स्टीम हे गेमांचं मोठं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या या कंपनीला विंडोज ८ आणि त्यासोबतचं मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं अ‍ॅप-दुकान धोक्याचं वाटलं. २०१२च्या उन्हाळ्यात तिच्या अभियंत्यांनी ‘लेफ्ट फोर डेड २’ लिनक्सवर आणायला घेतला. पहिल्या प्रयत्नात गेम सेकंदाला जेमतेम ६ फ्रेम दाखवत होता. ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपन्यांना सोबत घेऊन, कोडमधल्या गाठी एकेक सोडवत त्यांनी हा आकडा ३१५वर नेला. त्याच मशीनवर विंडोज ७ने दिलेला आकडा होता २७०.६. नेटिव्ह पोर्ट मन लावून केला तर काय होऊ शकतं, याचा हा पुरावाच होता. फेब्रुवारी २०१३मध्ये लिनक्ससाठी स्टीम अधिकृतपणे आलं. फेरल इंटरअ‍ॅक्टिव्हसारख्या कंपन्यांनी ‘एक्सकॉम’पासून ‘टूम रायडर’पर्यंत अनेक गेमांचे नीट हाताळलेले पोर्ट केले.

पण सगळेच पोर्ट असे नव्हते. मे २०१४मध्ये लिनक्सवर आलेल्या ‘द विचर २’बद्दल खेळाडूंनी इतक्या तक्रारी केल्या, की करणाऱ्यांना पुढचे काही महिने तो दुरुस्त करण्यातच घालवावे लागले. २०१५च्या अखेरीस बाजारात आलेल्या, लिनक्सवर चालणाऱ्या स्टीम मशीन या गेमिंग संगणकांकडेही फारसं कुणी वळलं नाही. गिऱ्हाईक नाही म्हणून कंपन्या पोर्ट करत नव्हत्या आणि गेम नाहीत म्हणून गिऱ्हाईक येत नव्हतं.

हा तिढा सुटला तो दुसऱ्या मार्गाने. वाइन या दुभाष्याचं काम १९९३मध्ये सुरू झालं होतं. १९९४पासून अलेक्झांडर ज्युलियार ते पुढे नेत आहेत आणि १.० ही आवृत्ती निघायला २००८ उजाडलं. वाइन म्हणजे विंडोजची नक्कल करणारा बनावट संगणक नव्हे. प्रोसेसर तोच असल्यामुळे गेमचा स्वतःचा हिशेब त्यावर थेट चालतो. भाषांतर होतं ते फक्त सिस्टिमकडे केलेल्या मागण्यांचं.

ते भाषांतर किती बारीक असतं, हे साध्या फाइलच्या नावावरून दिसतं. फाइलच्या नावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं विंडोजला सारखीच, लिनक्सला मात्र वेगळी. गेमने कॅपिटल अक्षरांत नाव मागितलं आणि डिस्कवर ते स्मॉल असलं, तर अशी फाइलच नाही असं लिनक्स सांगतं. मग वाइनला अख्ख्या फोल्डरची यादी काढून जुळणारं नाव शोधावं लागतं. गेम अशा हजारो फाइली मागतो, तेव्हा या शोधाशोधीत वेळ जातो. म्हणून २०१९मध्ये थेट कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यालाच हात घालण्यात आला: लिनक्स ५.२ या आवृत्तीपासून ठरावीक फोल्डरांपुरता हा अक्षरभेद विसरण्याची सोय एक्सट-४ फाइल सिस्टिममध्ये आली.

खरी अडचण होती चित्रांची. डायरेक्ट-थ्रीडी ११च्या मागण्या वाइन ओपनजीएलमध्ये बदलत असे आणि त्यात बऱ्याच उणिवा राहत. फिलिप रेबोले या जर्मन प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता. त्याने या मागण्या ओपनजीएलऐवजी व्हल्कनमध्ये बदलणारा डीएक्सव्हीके लिहिला. फेब्रुवारी २०१८पासून व्हॉल्व्हने त्याला या कामासाठी पैसे द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी २१ ऑगस्टला कंपनीने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर भाग एकत्र बांधून स्टीममध्येच बसवले. तोच प्रोटॉन. वाइनवर वर्षानुवर्षं काम करणारी कोडवीव्हर्स ही कंपनीही त्यात भागीदार होती. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत अवघे २७ गेम होते.

फेब्रुवारी २०२२मध्ये स्टीम डेक हा हातात मावणारा लिनक्स संगणक आला, तेव्हा प्रोटॉनची सगळ्यांसमोर परीक्षा झाली. नेमका त्याच सुमारास ‘एल्डन रिंग’ प्रसिद्ध झाला. खेळता खेळता मध्येच अडखळण्याबद्दल विंडोजवरच्या खेळाडूंनीही नाराजी व्यक्त केली. काही ठिकाणी हा गेम एकदम हजारो लहान वस्तू तयार करतो आणि त्यांच्यासाठी मेमरी देता देता यंत्रणा थकते, असं व्हॉल्व्हच्या अभियंत्यांना आढळलं. दिलेली मेमरी परत न करता जवळ ठेवून पुन्हा वापरायची, असा बदल त्यांनी भाषांतराच्या थरातच केला. गेम बनवणाऱ्यांच्या कोडला कुणी हात लावला नाही, तरी डेकवरचं अडखळणं बरंच कमी झालं.

लेयरची मोठी ताकद हीच. त्यात केलेली एक दुरुस्ती शेकडो गेमांना लागू पडते, आणि कोड खुला असल्यामुळे ती कुणीही तपासू शकतो, पुढे नेऊ शकतो. ज्या गेमची कंपनी कधीच बंद झाली, त्यालाही तिचा फायदा मिळतो. पोर्टचं तसं नसतं. ऑगस्ट २०२२मध्ये लिनक्सवरच्या जवळपास सगळ्या प्रोग्रॅमांचा पाया असलेल्या जी-लिबसी या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीतून एक जुनी तक्ती वगळली गेली. ‘शोव्हेल नाइट’च्या नेटिव्ह आवृत्तीला तो फटका बसला आणि ईझी अँटी-चीट ही फसवणूक पकडणारी यंत्रणाही अडली. शेवटी आर्चसारख्या लिनक्स वितरणांनी ती तक्ती परत आणली. लिनक्सवर सगळ्यांत टिकाऊ इंटरफेस विंडोजचाच आहे, असं लिनक्सचे जाणकार तेव्हापासून म्हणतात आणि त्यात तथ्य आहे.

तरीही पोर्टची गरज संपलेली नाही. ‘फॅक्टोरिओ’ या कारखाने उभारण्याच्या गेममध्ये खेळ सेव्ह होताना एरवी सगळं क्षणभर थांबतं. लिनक्सच्या नेटिव्ह आवृत्तीत सिस्टिमच्या एका खास सोयीने चालू गेमची प्रत काढता येते. ती प्रत मागे सेव्ह करत बसते आणि खेळ पुढे चालूच राहतो. विंडोजमध्ये ती सोयच नाही, मग भाषांतर कशाचं करणार? ‘बाल्डर्स गेट ३’ डेकवर आधी प्रोटॉनमधून चालायचा, पण प्रोसेसरवर ताण यायचा. सप्टेंबर २०२५मध्ये हा गेम बनवणाऱ्या लॅरियनने डेकसाठी खास नेटिव्ह आवृत्ती काढली, ती हा ताण आणि मेमरीचा वापर कमी करण्यासाठीच.

लहान स्टुडिओंचा हिशेब मात्र निराळा असतो. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२०मध्ये स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स आणि विंडोज अशा चार ठिकाणी आला. मोजक्या माणसांच्या चमूने पाचवी आवृत्ती काढून ती वर्षानुवर्षं तपासत राहावी, ही अपेक्षा अवाजवीच ठरेल. लिनक्सवर खेळणाऱ्यांमुळे फायदा झालेला स्टुडिओही आहे, हे तितकंच खरं. ‘डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न’च्या निर्मात्याने २०२१मध्ये आकडे मांडले: विकत घेणाऱ्यांत लिनक्सवाले ५.८ टक्के होते, पण दोष कळवणाऱ्या नोंदींपैकी सुमारे ३८ टक्के त्यांच्या होत्या. त्यांतल्या फक्त ३ नोंदी लिनक्सपुरत्या दोषांच्या होत्या. बाकीचे दोष सगळ्याच खेळाडूंना छळणारे होते.

लेयर जिथे हतबल ठरतो ती जागा म्हणजे अँटी-चीट. सप्टेंबर २०२१मध्ये ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांना प्रोटॉनमध्ये चालण्याची सोय झाली, पण ती सुरू करायची की नाही हे गेमची कंपनी ठरवते. ईझी अँटी-चीट एपिक या गेम कंपनीच्याच मालकीची, तरी एपिकचा ‘फोर्टनाइट’ लिनक्सवर चालत नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ डेकवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी फसवणुकीचं कारण देऊन त्याची कंपनी ईएने लिनक्सवाल्यांना बाहेर काढलं. पैसे आणि तास खर्च केलेल्या प्रामाणिक खेळाडूंवर हा अन्याय आहे. दुसऱ्याच्या इंटरफेसवर आणि मुख्यतः एकाच कंपनीच्या पैशांवर उभी असलेली व्यवस्था किती बळकट, हा प्रश्नही राहतोच. दिलासा एवढाच, की उद्या व्हॉल्व्हने हात आखडता घेतला तरी वाइन आणि प्रोटॉनचा कोड लोकांकडे राहील.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १०चा आधार संपला आणि त्याच महिन्यात स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचा वाटा पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेला. नव्याने येणाऱ्यांनी गेम घेताना दोन गोष्टी बघाव्यात: नेटिव्ह आवृत्ती असेल तर तिला शेवटचं अपडेट कधी मिळालं, आणि ऑनलाइन गेम असेल तर त्याचं अँटी-चीट लिनक्सला प्रवेश देतं का. पोर्ट जुनाट निघाला तर स्टीममध्ये त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉम्पॅटिबिलिटीच्या पानावर जाऊन प्रोटॉन निवडता येतो. मग विंडोज आवृत्ती उतरवली जाते. तरीही काही बिघडलं, तर प्रोटॉनच्या खुल्या नोंदवहीत त्या गेमच्या नावाने तक्रार लिहावी. तिथे ती वाचणारे आणि दुरुस्त करणारे प्रोग्रॅमर रोज कामावर असतात.