पाकळीचा ल

जालन्यात वाढदिवस, श्रद्धांजली, बियाण्यांच्या दुकानाचं उद्घाटन आणि पुढाऱ्याची निवड हे सगळं आधी फ्लेक्सच्या दुकानात पक्कं होतं. गांधी चमन भागातल्या अशाच एका दुकानात मी खुर्ची टाकून बसलो. मला छपाईचं यंत्र नव्हे, अक्षरं कशी बसवतात ते पाहायचं होतं.

मजकूर व्हॉट्सॲपवर येतो. संगणकावर बसलेला तरुण तो कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीत टाकतो आणि सगळं विस्कटतं. 'शुभेच्छुक'मधला च पाय मोडून वेगळा पडतो, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. तो शांत. मजकूर कन्व्हर्टरमधून श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीत नेतो, उरलेलं हातानं टाइप करतो. "रोजचंच आहे सर. ह्याच्यातच अर्धा दिवस जाऊ लागला."

मग खरं काम सुरू होतं. कोणाचा फोटो किती मोठा, कोणाचं नाव कोणाच्या वर, हे गिऱ्हाईक सांगतं आणि तीनदा बदलतं. पण अक्षराची जाडी, भोवतीची पांढरी कड, पिवळ्यावर लाल की लालवर पिवळं, हे त्या तरुणाचं. शेवटी तो पडद्यावरचा अख्खा फ्लेक्स पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघतो. तेवढ्यातही नाव वाचता आलं तर चौकातून वाचता येणार. ही कसोटी त्याला कुणी शिकवलेली नाही.

वेलांटीचा हा घोळ निस्तरायला ज्यांनी हातभार लावला, त्यांचं नाव त्यानं ऐकलेलं नव्हतं: र. कृ. जोशी. १९३६चा जन्म. उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, मग पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक. शिवाय सुलेखनकार आणि कवी. जपानचे अभिकल्पकार कोहेइ सुगिउरा यांनी पुस्तकं घडवली, कोबेत विद्यार्थी घडवले आणि आशियाई लिप्यांचा ध्यास घेतला. जोशी त्याच जातकुळीतले. विंडोजमधला 'मंगल' हा टंक त्यांचा. त्यातली मेहनत नुसत्या वळणांची नाही. युनिकोड या संकेतप्रणालीत 'कि' उच्चाराच्या क्रमानं साठवला जातो, आधी क, मग वेलांटी. ती डावीकडे दाखवायची, च आणि छ जोडायचे, रफार कुठे चढवायचा, या जोडणीची सोय प्रणालीबरोबर टंकातही करावी लागते. कोरलची ती जुनी आवृत्ती हे नियम वाचतच नाही. जोशी २००८ साली गेले, पण मराठी टाइप करणाऱ्या बहुतेक कचेऱ्यांनी त्यांचं अक्षर वापरलेलं आहे.

एक तक्रार मात्र उरतेच. मंगलमधले ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. राज्य शासनानं २००९च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिले, २०२२ मध्ये तेच पुन्हा बजावलं. गंमत अशी, की या दुकानातल्या श्रीलिपीत दोन्ही अक्षरं मराठी वळणाची होती. 'जालना'तला ल पाकळ्या उघडून बसलेला. म्हणजे दहाव्याच्या फ्लेक्सवर अक्षर शासनमान्य, आणि शासनाच्याच परिपत्रकावर कित्येकदा नाही! तंत्र जुनं म्हणून ज्या श्रीलिपीला आपण नाकं मुरडतो, ती याबाबतीत जास्त मराठी निघाली.

अक्षररचना शिकायची तर मुंबई-पुण्याच्या कला महाविद्यालयांकडे बोट दाखवलं जातं. पण गावाची अक्षरं रोज घडतात ती इथे, मालकाच्या घाईत आणि सॉल्व्हंट शाईच्या वासात. चार दिवसांचा एखादा वर्ग भोकरदनला किंवा अंबडला भरवला तर या मुलांचे हात कुठल्या कुठे जातील. मला हे कलादालनातल्या प्रदर्शनापेक्षा निकडीचं वाटतं.

तोवर, जिल्ह्यातल्या कुठल्या कचेरीत हे वाचलं जात असेल तर एक विनंती: यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानचा 'यशोमुद्रा' हा मराठी टंक फुकट मिळतो. तो उतरवून घ्या आणि पुढचं परिपत्रक त्यात काढा.