घरमालकांचे संघ

मुंबईस गिरगांवांत किंवा दादरास एखादी जुनी चाळ वारसाहक्कानें ज्याच्या वांट्यास येते, त्यास लोक श्रीमंत समजतात. पण त्याचें भाड्याचें पुस्तक उघडून पाहिलें तर निराळेंच चित्र दिसतें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच बहुतांशीं प्रमाण धरलें. शहरांत घरांची टंचाई असतां भाडेकरू रस्त्यावर येऊं नये, हा त्यामागील हेतु रास्तच होता. मात्र तो कायदा मुदतवाढी घेत घेत अर्धशतक जगला. भाडें जागच्या जागीं राहिलें आणि चुना, लोखंड व गवंड्याची मजुरी तेवढी वाढत गेली. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, भाडें असें गोठवून ठेवणें आतां वाजवी राहिलें नाहीं, असा निर्वाळा दिला. पुढें ३१ मार्च २००० पासून नवा कायदा अमलांत आला व वर्षास शेंकडा चार वाढीची मुभा मिळाली. चाळीस रुपये भाड्यावर ही वाढ किती होते, तें वाचकांनींच मांडून पाहावें.

अशा प्रश्नांत एकट्या मालकाचा निभाव लागणें कठीण. म्हाडाच्या कायद्यांत १९८६ सालीं एक प्रकरण घालण्यांत आलें. त्यान्वयें जुन्या उपकरप्राप्त इमारतींतील शेंकडा सत्तर रहिवाशांच्या सहकारी संस्थेनें मागणी केल्यास, मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम देऊन ती इमारत संपादन करतां येते. प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन या मालकांच्या संघानें त्यास आव्हान दिलें. उच्च न्यायालयांत १९९१ सालीं अपयश आलें. तेथून वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला आणि तीन, पांच, सात अशा पायऱ्या चढत नऊ न्यायमूर्तींपुढें पोंचला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजीं निर्णय झाला, कीं प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप समाजाची भौतिक साधनसंपत्ति ठरत नाहीं. त्यांत कोणतीच ठरत नाहीं, असेंही म्हटलेलें नाहीं. आणि मूळ प्रकरणाच्या वैधतेचा निकाल त्या उत्तरानें लागला नाहीं. तरी इतक्या वर्षांचा खर्च आणि चिकाटी एका कुटुंबाच्या आवांक्यांतील नव्हे.

रोजच्या व्यवहारांत संघाचा उपयोग याहून साधा, पण अधिक मोलाचा आहे. घर भाड्यानें देतांना करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. नोंदणी नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें खरें धरलें जातें. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. चांगला संघ सभासदास हें आधींच सांगतो. भाडें थकलें म्हणून रागानें पाणी अथवा वीज तोडणाऱ्या सभासदासही त्यानें आवरलें पाहिजे. कारण तें कृत्य कायद्यानें निषिद्ध आहे, आणि अशा एका मालकामुळें विधिमंडळांत संघाचें गाऱ्हाणें कोणी ऐकून घेत नाहीं. यास्तव वर्गणी भरण्यापूर्वीं संघाची घटना व मागील हिशेब मागून पाहावे, आणि तो सभासदांस सल्ला देतो कीं नुसतीं पत्रकें काढतो, याची चौकशी करावी.