ओव्हनवर ‘एफ’ दिसला तर

संत्र्याचा केक ओव्हनमध्ये ठेवला आणि पडद्यावर अचानक ‘एफ’ किंवा ‘ई’सोबत एखादा आकडा लुकलुकू लागला, तर आधी बटणावरून हात काढावा. या अक्षरांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. कुठे तापमान मोजणारा सेन्सर बिघडलेला असतो, कुठे दाराचं कुलूप. त्यामुळे शेजारच्यांच्या ओव्हनचा अनुभव इथे उपयोगाचा नाही. आपली माहितीपुस्तिकाच काढावी.

कोड लिहून घ्यावा, फोटो काढला तर उत्तमच. मग भिंतीवरचा स्विच बंद करून पाच-दहा मिनिटं थांबावं. वीज गेल्या-आल्यावर उमटलेला कोड अनेकदा एवढ्याने जातो. पुन्हा आला, तर ओव्हन बंद ठेवून अधिकृत कारागीर बोलवावा.

धूर दिसला तर दार उघडू नये. हवा मिळताच आग भडकते. आधी वीज तोडावी. आणि मायक्रोवेव्हचं मागचं झाकण? त्याला हात लावूच नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे 2000 व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही साठून राहू शकतो.

घरात वरचेवर व्होल्टेज कमी-जास्त होत असेल, तर वीज तक्रारीसाठी 1912. वॉरंटी असूनही कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.