रात्रीच्या समुद्रातले डोके

अंधाऱ्या रात्री बोटीवरून माणूस पाण्यात पडला, तर पाण्यावर दिसण्यासारखे उरते ते फक्त त्याचे डोके. बॅटरीचा झोत लाटांवरच चकाकतो. रडारला एवढी लहान वस्तू लाटांच्या गर्दीतून वेगळी ओळखणे कठीण जाते. अशा शोधासाठी आता अनेक बोटींवर थर्मल कॅमेरा असतो. हा कॅमेरा उजेड पाडत नाही, डोक्यातूनच बाहेर पडणारे अवरक्त किरण तो टिपतो.

आपल्या तापमानानुसार प्रत्येक वस्तू प्रारण बाहेर टाकत असते. २८९८ ला केल्विनमधील तापमानाने भागले, की सर्वाधिक प्रारणाची तरंगलांबी मायक्रोमीटरमध्ये मिळते. हा वीनचा नियम. त्वचेसाठी उत्तर सुमारे साडेनऊ येते. ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात हवा बरीच पारदर्शक असते, ही आपली सोयच झाली! कॅमेऱ्यात व्हॅनेडियम ऑक्साइडसारख्या पदार्थाच्या हजारो सूक्ष्म चकत्या असतात. किरण पडले की चकती किंचित तापते, तिचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून चित्रातला एक बिंदू ठरतो. चांगल्या कॅमेऱ्याला ०.०५ अंश सेल्सिअसचा फरकही कळतो.

मग अडचण कुठे येते? समजा, डोक्याचे तापमान ३२ अंश आहे. पाणी १० अंशांचे असेल तर फरक २२ अंशांचा. आपल्या कोकण किनाऱ्यावर पाणी २८ अंशांचे असेल तर फरक उरतो फक्त ४ अंश. ओले केस त्यातूनही थोडा खाऊन टाकतात. आता कॅमेऱ्याची दृष्टी २४ अंश रुंद असून आडव्या रांगेत ३२० बिंदू आहेत असे माना. ५०० मीटर अंतरावर एका बिंदूच्या वाट्याला सुमारे ६५ सेंटिमीटर बाजूचा चौकोन येतो. २० सेंटिमीटरचे डोके त्याचा जेमतेम दहावा भाग व्यापते, म्हणून ४ अंशांचा फरक बिंदूत ०.४ अंशासारखा दिसतो. एक किलोमीटरवर तो ०.१ वर येतो. हा फरकही कॅमेऱ्याला कळावा, पण लाटांचे उतार थंड आकाशाचे कमीअधिक परावर्तन करतात, आणि त्या ठिपक्यांच्या गर्दीत डोक्याचा ठिपका हरवतो. (जाकिटाचा भडक नारिंगी रंग इथे उपयोगाचा नाही, कॅमेऱ्याला रंग कळतच नाही.)

या कॅमेऱ्याने पाण्याखालचेही दिसते, हा समज मात्र साफ चुकीचा. पाण्याचा ०.१ मिलिमीटरचा थरही हे किरण जवळजवळ पूर्ण शोषून घेतो. बुडालेला खडक किंवा पाण्याखाली गेलेला माणूस त्यात दिसणार नाही. दाट धुक्यातही त्याची नजर अधू होते. काचही अपारदर्शक, म्हणून कॅमेरा केबिनच्या काचेआड ठेवून चालत नाही. तो बाहेर, उंचावर बसवतात आणि त्याचे भिंग जर्मेनियमचे असते.

हे वर्गात पडताळता येते. तापलेली इस्त्री उभी ठेवा आणि तिच्या तळासमोर १० सेंटिमीटरवर तळहात धरा. मध्ये काचेची पट्टी आणली की ऊब लगेच कमी होते. काचेऐवजी पातळ, पारदर्शक पॉलिथीन ताणून धरा (इस्त्रीला चिकटू देऊ नका). ऊब जवळजवळ तशीच जाणवेल. डोळ्यांना दोन्ही पदार्थ सारखेच पारदर्शक दिसतात. मग हा फरक का, हे आधी विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.