कादंबरीचा न्याय कोणी करावयाचा?

कादंबरी बरी की वाईट हे सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न आमच्याकडे वारंवार निघतो आणि त्याचे उत्तर दर वेळी भलत्याच माणसास विचारले जाते. कोणी ते पंडितास विचारतो, कोणी पारितोषिक-समितीस, आणि अलीकडे तर पुस्तक न उघडताच ज्यांच्या भावना दुखावतात अशा मंडळीस. ज्याने पदरचे पैसे मोडून किंवा वाचनालयाची वर्गणी भरून ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले, त्या वाचकास मात्र साक्षीस कोणी बोलावीत नाही. 2026 च्या जानेवारीत, 1 ते 4 तारखांस, साताऱ्यास 99 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी ‘पानिपत’कार विश्वास पाटील, म्हणजे कादंबरीकारच होते. साताऱ्यास हा मान नवा नव्हे. 1905 साली येथे भरलेल्या संमेलनाचे अध्यक्ष रघुनाथ पांडुरंग करंदीकर हे पेशाने वकील होते, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंस सुखविणारी आहे. परंतु व्यासपीठावरील भाषणे छापून निघतात. मंडपात बसलेल्यांनी वर्षभर काय वाचले व त्यांस ते कसे वाटले, याची नोंद कोण ठेवतो?

सामान्य वाचकाच्या मताची किंमत ती काय, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर कृष्णाकाठच्याच उदाहरणाने देतो. 1959 या एकाच सालात या प्रांतातील दोन लेखकांच्या दोन कादंबऱ्या बाहेर पडल्या. एक सांगलीस जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, दुसरी वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’. पहिलीत पुराणातील राजा, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कथा आपापल्या तोंडाने सांगतात. भाषा अलंकारांनी लवलेली. दुसरीत वारणेच्या खोऱ्यातला मांग समाजाचा वीर उपाशी माणसांस जगविण्यासाठी लूट करतो. भाषा रोखठोक, उन्हात तापलेल्या दगडासारखी. ‘ययाति’स 1960 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले आणि खांडेकरांस 1974 साठीचे ज्ञानपीठ लाभले, जे मराठीतील पहिलेच. ‘फकिरा’सही राज्याचे पारितोषिक मिळाले, पण तिचे खरे पारितोषिक वाड्यावस्त्यांवर मोठ्याने वाचून दाखविणाऱ्यांनी दिले, असे आम्ही समजतो. आता मौज पाहा. ‘ययाति’तील सुभाषिते ज्यांस मुखोद्गत आहेत त्यांपैकी कित्येकांनी ‘फकिरा’ हाती धरलेली नसते, आणि ‘फकिरा’वर जीव टाकणारा ‘ययाति’स बड्यांचे पुस्तक म्हणून बाजूस सारतो. दोघांचीही मते ठाम. दोघांनीही एकाच पक्षाची बाजू ऐकलेली. एकतर्फी हुकूमनामा कोणत्याही न्यायालयात रद्द करून मागता येतो. वाचनाच्या न्यायालयात मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतो!

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ची गोष्ट याहून बोधप्रद आहे. 1955 साली पुस्तकरूपाने निघालेल्या या कादंबरीत एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत शाळा चालवू पाहतो आणि अखेर दुष्काळ वाडीच उठवून नेतो. हीत कथानक नाही, अशी कुरकुर करणारे वाचक शहरांत भेटतात. माण किंवा आटपाडी तालुक्यातल्या वाचकास विचारा. जनावरांच्या चाऱ्यासाठी गाव सोडणे हेच ज्याच्या आजोबांच्या आयुष्याचे कथानक होते, त्याला त्यात उणे काहीच दिसत नाही. दोघांचेही मत प्रामाणिकच आहे. परंतु दुसऱ्याचे ऐकल्यावाचून पहिल्यास आपल्या मताची सीमा कळावयाची नाही. आणि लेखकास तरी ती कशी कळावी?

कोरेगावास राहून ज्यांनी ढिगाने कादंबऱ्या लिहिल्या त्या नारायण हरी आपट्यांस वाचकाच्या मताचे पाणी चांगले ठाऊक होते. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेल्या तरुण मुलीने तो संसार नाकारावा, ही हकीकत सांगताना त्यांनी पुस्तकासच ‘न पटणारी गोष्ट’ असे नाव देऊन टाकले. तीवरून 1937 साली प्रभातने ‘कुंकू’ हा बोलपट काढला. समाजास पटणार नाही असे ठाऊक असूनही लिहिणारा लेखक आणि पटत नसतानाही वाचीत राहणारा वाचक, अशी जोडी जमते तेव्हाच सुधारणेचे पाऊल घरात पडते. हरिभाऊ आपट्यांनी 1890 पासून ‘करमणुकी’तून यमूची कहाणी सांगितली, तीही जिच्या केशवपनावर घरातील वडीलधारे गप्प होते अशांच्या माजघरात शिरली होती.

आता कायद्याचा मुद्दा. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपावरून लेखकावर खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या लेखकास सर्वोच्च न्यायालयाने 1969 साली निर्दोष सोडले. सुटी वाक्ये उचलून नव्हे, तर सबंध कथा ध्यानी घेऊन त्या न्यायमूर्तींनी निर्णय दिला, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाने जो श्रम घेतला, तो चौकात पुस्तकाची होळी करणारास जड का जावा? सांगलीच्या पेठेत हळदीचा सौदा करणारा व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग पाहतो. पोत्यावरील छाप पाहून भाव कोणी बोलत नाही. पुस्तकाबाबत मात्र हाच शहाणा गृहस्थ ‘ते वाईट आहे म्हणतात’ एवढ्यावर निकाल देऊन मोकळा होतो. हे म्हणणारे कोण? ऐकीव पुरावा!

साधनांची वाण आहे, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. पाचगणीनजीकचे भिलार हे स्ट्रॉबेरीचे गाव 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचे गाव’ झाले. प्रारंभी पंचवीस ठिकाणी मिळून सुमारे पंधरा हजार पुस्तके ठेवली गेली. एका घरी कादंबरी, दुसऱ्या घरी इतिहास, तिसऱ्या घरी बालसाहित्य. वेल्समधील हे-ऑन-वाय येथे पुस्तके विकत मिळतात, भिलारास फुकट वाचावयास मिळतात, हा फरक आम्हांस अभिमानाचा वाटतो. पुढे हीच योजना सांगली जिल्ह्यातील अंकलखोप-औदुंबरास आली, जेथे सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन संक्रांतीस भरत आले आहे. उलट, 2019 च्या ऑगस्टातील महापुरात सांगली जिल्हा नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ भिजले. बुडालेली प्रत बहुधा पुन्हा विकत घेता येते; परंतु ती ज्यांनी ज्यांनी वाचली त्यांचे म्हणणे कोठेच लिहिलेले नसेल, तर ते कोणत्या बाजारातून आणावयाचे?

म्हणून आमची सूचना अशी. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक वाचनालयाने, भिलार व औदुंबर येथील प्रत्येक वाचनघराने, एक बांधीव वही टेबलावर दोरीने अडकवून ठेवावी. ‘छान’, ‘सुंदर’, ‘वाचनीय’ हे शब्द तीत लिहिण्यास मनाई असावी. रकाने चारच: पुस्तकाचे नाव, सबंध वाचले की कोणत्या पानावर सोडले, कोणते पात्र खरे वाटले व कोणते खोटे, आणि तसे का वाटले. वाचकाने आपल्या नावाऐवजी गाव व धंदा लिहिला तरी चालेल, कारण हळदीच्या अडत्याने, ऊसतोडणी करणाऱ्या बाईने आणि निवृत्त मामलेदाराने एकाच कथेविषयी काय लिहिले ते शेजारी शेजारी पाहण्यातच खरी गंमत आहे. खर्च एका वहीचा व एका पेन्सिलीचा. यंदाचे दिवाळी अंक वाचनालयात येऊन पडण्यापूर्वी ही वही टेबलावर असावी.